सुगडातली बाग : पुनर्विकासात हललेल्या 43 कुंड्यांचं प्रकरण

जानेवारीत आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि एप्रिलअखेर सगळ्यांनी जागा रिकाम्या करून द्यायच्या असं ठरलं. कर्वेनगरातलं आमचं घर तळमजल्यावर. मागे छोटं अंगण, अंगणावर शेजारच्या आंब्याची सावली आणि त्या सावलीत सासूबाईंनी 36 वर्षांत जमवलेली झाडं. मोजली तर कुंड्या 43 भरल्या. त्यातल्या निम्म्या सिमेंटच्या, दोघांनी मिळून उचलाव्या लागणाऱ्या. भाड्याचं घर मिळालं वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर. दिवाणखान्याला पश्चिमेची चार फूट रुंद बाल्कनी आणि स्वयंपाकघराला पूर्वेची ड्राय बाल्कनी, एवढीच मोकळी जागा. घरमालकांनी पहिल्याच भेटीत दोन अटी सांगितल्या. भिंतीला भोक पाडायचं नाही आणि कठड्यावर किंवा त्याच्या बाहेर कुंडी ठेवायची नाही. दुसरी अट त्यांनी घातली नसती तरी मी पाळलीच असती. तिसऱ्या मजल्यावरून कुंडी निसटली तर खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

टेम्पोवाल्याने कुंड्यांचे पैसे वेगळे सांगितले. अनामत, दलाली आणि सामानाची हलवाहलव यातून बागेसाठी माझ्याकडे 2,500 रुपये उरत होते. तेवढ्यात 43 कुंड्या हलवणंच शक्य नव्हतं, आणि हलवल्या असत्या तरी ठेवायला जागा नव्हती.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, 79 वर्षांच्या. करार झाल्यावर चार दिवस झाडांचा विषयच त्यांनी काढला नाही. पाचव्या दिवशी तुळशीला पाणी घालून आत आल्या आणि म्हणाल्या, "राहू देत गं झाडं इथंच. एवढं ओझं कुठं न्यायचं?" तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "आई, कुंडी एकही न्यायची नाही. प्रत्येक झाडाचा तुकडा न्यायचा."

"भरलेलं झाड टाकून काडी न्यायची?"

"ब्रह्मकमळ तुम्ही साताऱ्याहून कसं आणलं होतंत?"

त्या हसल्या. माहेरून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं एकच पान होतं ते. त्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत जुन्या इमारती एकामागून एक खाली होत आहेत आणि प्रत्येकीच्या मागे अशी एखादी बाग असते. म्हणून आमचं प्रकरण, चुकलेलं धरून, सविस्तर मांडते आहे.

कशाचा तुकडा निघतो

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त यादी केली. जास्वंद, कढीपत्ता, अनंत, लिंबू ही झाडं नव्या घरात जगली नसती. ती ज्यांच्याकडे जमीन आहे अशा नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी नेली. कुंपणाचा शेर तिथंच सोडला. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते आणि आमच्याकडे चार वर्षांचा नातू आहे.

उरली ती घरात राहू शकणारी झाडं, आणि ती कशी वाढतात त्याप्रमाणे वेगळी होत गेली. ग्रॅप्टोपेटॅलम आणि एचेव्हेरिया ही गुलाबासारख्या आकाराची सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, एका पानापासून येतात. पानफुटी तर मराठी घरात सगळ्यांच्या ओळखीची, पानाच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून रोप काढते. नर्सरीत ज्याला जेड म्हणून देतात ते आपल्याकडे बहुतेक वेळा बारीक गोल पानांचं पोर्टुलाकारिया असतं. त्याचं नुसतं पान लावून सहसा काही मिळत नाही, बोटभर फांदी लावावी लागते. जाड पानांचं खरं जेड, क्रासुला, मात्र पानापासूनही येतं. कोरफड आणि हॅवर्थिया बुंध्याशी पिल्लं देतात, ती मुळासकट सुटी करायची. मनी प्लांट आणि सिंगोनियमला पेर लागतं. उसाच्या कांडीला डोळा असतो तसा यांच्या पेरापाशी असतो. पेर नसलेलं पान बाटलीत महिनोन्‌महिने हिरवं राहतं, कधी मुळंही सोडतं, पण त्यातून वेल निघत नाही.

स्नेक प्लांटच्या बाबतीत एक गोष्ट आधीच कळली हे बरं झालं. आईंकडे पिवळ्या कडेची जात होती. तिचं पान कापून लावलं की नवी पिल्लं साधी हिरवी येतात, पिवळी कड हरवते. कड टिकवायची असेल तर गड्डाच फोडून वाटणी करावी लागते. आम्ही दोन्ही केलं. दोन कुंड्यांमधले गड्डे फोडून सहा वाटे केले आणि उरलेल्या पानांचे चार-चार बोटांचे दहा तुकडे लावले. तुकड्याचं खालचं टोक खालीच राहायला हवं, उलटं लावलं तर मूळ धरत नाही. म्हणून आईंनी प्रत्येकाच्या खालच्या टोकाला कात्रीने चिमटीएवढी खाच दिली. दहांतले सात लागले, सगळे साधे हिरवे.

ब्रह्मकमळाचं आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड आहे, म्हणून तेही कापून लागतं. (हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या गॅलरीतलं हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड, आपल्याकडे येऊन पावसाळी रात्री फुलणारं.) त्याचे आठ तुकडे काढले. तीन आमच्यासाठी आणि पाच शेजाऱ्यांसाठी. आईंचा आग्रह होता की जाणाऱ्या प्रत्येक घरात एक तुकडा जावा. मला तेव्हा तो नुसता जिव्हाळा वाटला होता.

सुगडं

कुंड्यांचा प्रश्न संक्रांतीने सोडवला. वाण देऊन झाल्यावर घराघरांत सुगडं उरतात. कुणी तुळशीपाशी ठेवतं, कुणी माळ्यावर टाकतं. इमारत रिकामी करायची तर माळेही रिकामे होणार होते. आईंनी मजल्या-मजल्यावर निरोप पाठवला आणि आठवड्यात 38 सुगडं आमच्या दारात आली, काही गेल्या तीन-चार वर्षांची. पूजेची वस्तू अशी वापरावी का, असं एका काकूंनी विचारलं. आई म्हणाल्या, "मातीचंच आहे. मातीच भरणार त्यात."

सुगडाला भोक पाडणं हे हळू हाताचं काम आहे. रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी पालथं घालून तळाशी कागदी चिकटपट्टी लावायची आणि ड्रिलला 6 मिलिमीटरचं काँक्रीटचं बिट लावून, त्याचं हॅमर बंद ठेवून, अजिबात न रेटता फिरवत राहायचं. मी पहिल्या दोनांना जोर लावला आणि दोन्ही दुभंगली. एकूण पाच फुटली, 33 मिळाली. फुटलेल्यांची खापरं भोकावर ठेवायला उपयोगी पडली.

भाजलेल्या, झिलई नसलेल्या मातीतून पाणी भिंतीवाटेही उडतं, म्हणून सक्युलंटसाठी ही भांडी चांगली. तेच मे महिन्यात नडतं. सुगड इतकं लहान की दोन दिवसांत आतली माती भुकटीसारखी कोरडी होते. पालेभारी झाडं सुगडात लावू नयेत. त्यांच्यासाठी नर्सरीत मिळतात त्या 4 इंची काळ्या प्लास्टिकच्या 40 कुंड्या आणल्या आणि बाकी श्रीखंडाचे डबे वापरले.

माती अंगणातलीच, पण ती काळी आणि चिकण. ओली झाली की आठ-आठ दिवस ओली, वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटून भेगा पडतात. सक्युलंटला ती तशीच दिली तर मुळं कुजणार हे दिसतच होतं. शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमांनी एक गोणी क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, दिली. ती चाळणीने चाळली, खालची भुकटी टाकली, वर राहिलेली ज्वारीच्या दाण्याएवढी कच दोनदा धुतली. सक्युलंटसाठी दोन वाटे कच, एक वाटा माती आणि एक वाटा गांडूळखत असं मिश्रण केलं. पाणी ओतल्यावर ते वर तळं करून थांबता कामा नये, लगेच खालून निघायला हवं, एवढीच परीक्षा लावली. मात्र सगळ्या रोपांना पुरेल इतकी कच चाळून होईना. उरलेल्या ट्रेंसाठी मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त घातलं. ते पुढे महागात पडलं.

पानांचे खोके

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर हा काळ पुण्यात सक्युलंटच्या पानांसाठी फार चांगला. थंडी ओसरलेली असते, हवा कोरडी असते आणि उन्हाचा तडाखा अजून सुरू व्हायचा असतो. पान तोडताना ते अलगद डावी-उजवीकडे हलवून देठासकट सोडवायचं. देठाशी असलेला सूक्ष्म डोळा खोडावरच राहिला तर पान मुळं सोडेल पण रोप देणार नाही. आईंच्या बोटांना हे माझ्यापेक्षा लवकर जमलं. त्या मेथी निवडत असल्यासारख्या बसत आणि एक पानही फाटत नसे.

चपलांच्या खोक्यांत वर्तमानपत्र घालून पानं चार दिवस सावलीत ठेवली, जखम वाळून खपली धरेपर्यंत. मग मिश्रणावर नुसती आडवी ठेवली, पुरली नाहीत. तीन आठवड्यांत गुलाबी धाग्यांसारखी मुळं दिसू लागली. मूळ दिसेपर्यंत पाणी नाही. मूळ दिसल्यावर चार-पाच दिवसांनी एकदा फवारा. ग्रॅप्टोपेटॅलमच्या 60 पानांतून 51 रोपं आली. एचेव्हेरियाच्या 60 पानांतून फक्त 23. एचेव्हेरियाच्या संकरित जाती पानापासून यायला बऱ्याचदा कुरकुरतात, हे आमच्याही बाबतीत खरं ठरलं. जेडच्या 30 फांद्यांपैकी 27 लागल्या, आणि त्यासाठी आम्ही काहीही विशेष केलं नव्हतं.

मनी प्लांट, सिंगोनियम आणि स्पायडर प्लांट पाण्यात ठेवले. त्यांना खरं तर पावसाळ्यातली दमट हवा मानवते, पण आमच्याकडे तारीख ठरलेली होती. मार्चच्या कोरड्या हवेत मातीत लावलेल्या फांद्या माना टाकत होत्या, बाटलीतल्या टिकल्या. पाणी दर रविवारी बदलायचं ठरवलं. मुळांना ताजं पाणी हवंच, शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी ओतून टाकण्याचा दिवस, बाटल्यांना आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही लागू आहे.

20 एप्रिलला आम्ही हललो. 43 कुंड्यांची बाग दोन भाजीच्या क्रेटमध्ये, चार चपलांच्या खोक्यांत आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये माझ्या मांडीवर आली.

पश्चिमेची बाल्कनी

इथे मी चुकले, आणि दोनदा चुकले.

सक्युलंटला ऊन लागतं एवढंच डोक्यात धरून मी सगळे ट्रे पश्चिमेच्या बाल्कनीत मांडले. ही रोपं आंब्याच्या सावलीत जन्मलेली. एप्रिलअखेरीस दुपारी तीन वाजता त्या बाल्कनीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवत नव्हता. चार दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे आले आणि मग ते तपकिरी झाले. उन्हाने भाजलेला डाग भरून येत नाही, ते पान गळेपर्यंत तसंच राहतं. आईंनी एक जुनं सुती लुगडं काढून दिलं, ते दोरीवर बांधून आडोसा केला. नवीन पानं नीट आली. रोज अर्धा-अर्धा तास ऊन वाढवत नेलं असतं तर हे टळलं असतं.

दुसरी चूक मोठी. जूनमध्ये पाऊस आला आणि मला हायसं वाटलं. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पश्चिमेची बाल्कनी भिजते. हे पुण्यात जन्म काढलेल्या मला सांगावं लागू नये, पण तळमजल्याच्या अंगणात सज्जा होता आणि तिथे हे कधी जाणवलं नव्हतं. जुलैत आम्ही नऊ दिवस नणंदेकडे नाशिकला गेलो. परत आलो तेव्हा ग्रॅप्टोपेटॅलम आणि एचेव्हेरियाच्या 74 पैकी 29 रोपं गेली होती. पानं काचेसारखी पारदर्शक, हात लावताच गळणारी, बुंधा काळा.

कारण असं. सक्युलंट दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. कोरड्या मुलखात पाणी वाचवण्याची ही त्यांची रीत. मुळात पाणी कमी पिणारी झाडं, त्यात आठवडाभर ढग, हवेत गच्च दमटपणा आणि रोज शिंतोडे. माती वाळायला वावच नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी बुंध्यावर चढते.

मेलेली रोपं टाकण्याआधी मी मोजली. सुगडांत 24 होती, त्यातली तीन गेली. कोकोपीट जास्त असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेंमध्ये 50 होती, त्यातली 26 गेली. सगळं श्रेय सुगडांना देता येत नाही, कारण ती भिंतीलगत आतल्या बाजूला होती आणि तिथे शिंतोडे कमी पोचत होते. तरी मिश्रणाचा फरक बोटांना कळत होता. कचीचं सुगड चौथ्या दिवशी हलकं लागत होतं, ट्रे मात्र विटेसारखे जड.

त्याच दिवशी उरलेली 45 रोपं पूर्वेच्या ड्राय बाल्कनीत नेली. गेलेल्यांपैकी ज्यांचा शेंडा शाबूत होता त्यांचा कुजलेला भाग, आत पांढरी स्वच्छ चकती दिसेपर्यंत, गरम पाण्याने धुतलेल्या सुरीने कापत गेले, आठवडा वाळवलं आणि कोरड्या कचीत टेकवून ठेवलं. अशी सहा आणखी वाचली.

आईंचा तांब्या

आता जे सांगते ते झाडांच्या पुस्तकात येत नाही, पण आमच्या प्रकरणात त्याचं वजन फार होतं. आई रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन झाडांकडे जातात. 36 वर्षांची सवय. आंब्याखाली, सिमेंटच्या मोठ्या कुंड्यांत ते खपून जायचं. सुगडातल्या एचेव्हेरियाला रोजचा तांब्या म्हणजे मरण. मी दोन-तीनदा सांगितलं. त्यांना ते पटायचं, आणि सकाळी हात पुन्हा वळायचा. एकदा म्हणाल्या, "समोर झाड तहानलेलं असताना मी चहा कसा घेऊ?"

त्यांना अडवणं मला बरोबर वाटेना. मग झाडांच्याच जागा बदलल्या. दिवाणखान्यात खिडकीच्या आत, त्यांच्या खुर्चीच्या बाजूला, रोज पाणी चालेल अशी झाडं आणली: बाटल्यांतले मनी प्लांट, सिंगोनियम आणि बाहेर कठड्याच्या आत तुळस. श्रीखंडाच्या दोन डब्यांची जोडी करून, आतल्या डब्याच्या भोकातून सुती वात खालच्या डब्यातल्या पाण्यात सोडली. त्यात स्पायडर प्लांट लावले. आई खालच्या डब्यात पाणी भरतात, झाड हवं तेवढं ओढतं, आणि रविवारी ते पाणी ओतून नवं भरलं जातं. सक्युलंट स्वयंपाकघरापलीकडे गेले, जिथे त्यांचा तांब्या जात नाही. घरात झाड कुठे ठेवायचं हे ठरवताना प्रकाश पाहावा, तसं त्याच्या वाटेवरून रोज कोण जातं हेही पाहावं, असं मला आता ठामपणे वाटतं.

मांडणी

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे आणि त्याच्या बाजूला अडीच फूट रुंद भिंत. जमिनीवर जागा नाही, भिंतीला भोक नाही. आईंच्या लग्नानंतर घेतलेली स्टीलची मांडणी भंगारात जायची होती. नव्या स्वयंपाकघरात कपाटं असल्यामुळे तिला जागा नव्हती. जुन्या बाजारातून, रविवारी, 350 रुपयांना एक बुटकं लाकडी बाकडं आणलं, त्यावर मांडणी उभी केली आणि खिडकीच्या गजांना बाइंडिंग वायरने दोन्ही बाजूंनी बांधली. हलत नाही.

मांडणी जणू यासाठीच घडवली होती. फळ्यांना पाणी निथळायला भोकं आहेतच. वरच्या फळीवर, जिथे सकाळी साडेदहापर्यंत ऊन येतं, तिथे एचेव्हेरियाची आणि ग्रॅप्टोपेटॅलमची सुगडं. मधल्या फळीवर जेड आणि हॅवर्थिया. ताटाळ्याच्या खाचांत अरुंद काचेच्या बाटल्या बरोबर अडकतात, त्यांत मनी प्लांटच्या नव्या कांड्या मूळ धरायला ठेवते. चमच्यांच्या जाळीदार डब्यात कोरफडीची पिल्लं वाळत पडलेली असतात. कपांसाठीच्या आकड्यांना कान शाबूत असलेले, पण तडा गेलेले कप लटकवले आणि त्यांत पानफुटी.

आधी मी सगळं सरमिसळ मांडलं होतं, एक हे, एक ते, मध्ये रंगीत दगड. ती रद्दीच्या दुकानासारखी दिसत होती. आई दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला जायच्या. त्या म्हणाल्या, "तिथं बघ, एकाच जातीची रोपं ओळीनं लावतात, म्हणून डोळा ठरतो." तसं केलं. एका फळीवर एकच जात, एकाच मापाची भांडी, उंच मागे आणि बुटकी पुढे. सुगडांवरचा जुना रंग ओल्या चोथ्याने घासून काढला. त्या एका बदलाने मांडणीचं रूप पालटलं, आणि त्याला पैसा लागला नाही. तेव्हापासून मी रंगीत दगड वापरत नाही. ते मातीचा वरचा थर झाकतात आणि ओल कळू देत नाहीत.

ढगाळ दिवसांत खालच्या फळीवरच्या रोपांच्या माना लांबायला लागल्या, पानांमधलं अंतर वाढलं. मधल्या फळीच्या खालून 250 रुपयांची 20 वॉटची पांढरी एलईडी पट्टी बांधली, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर वर. रोज दहा तास. महिन्याला सहा युनिट वीज जाते. ऊन ते ऊनच, पण माना लांबणं थांबलं. ज्या आधीच लांबल्या होत्या त्यांचे शेंडे कापले, वाळवले, लावले, आणि उरलेल्या खुंटांनी बाजूने दोन-दोन, तीन-तीन फुटवे दिले. मेलेल्यांची भरपाई मुख्यतः त्यातून झाली.

ऑगस्टमध्ये हॅवर्थियाच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले, पिठ्या ढेकूण. आधी मुंग्यांची रांग दिसली होती, तेव्हाच समजायला हवं होतं. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपला, मग लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर नीमतेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारलं, आठवड्याने पुन्हा. दोन भांडी वाचली नाहीत.

खर्च

कोकोपीटची वीट 220, गांडूळखत 200, प्लास्टिकच्या 40 कुंड्या 320, बिट 60, नीमतेल 120, बाकडं 350, तार आणि दोरी 90, एलईडी पट्टी 250. एकूण 1,610 रुपये. रोप एकही विकत घेतलं नाही. पुन्हा करायचं झालं तर कोकोपीट घेणार नाही, त्याऐवजी आणखी एक गोणी कच चाळेन. आणि नव्या घराची किल्ली मिळाली की पहिलं काम म्हणून एक दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ नुसतं बसून ऊन कुठून कुठे जातं ते पाहीन. तेही एका दिवसात सगळं कळत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, नंतर जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेकडे राहतो, आणि डिसेंबरात इतका दक्षिणेकडे कलतो की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. जूनमध्ये अंधारी वाटणारी दक्षिणेची खिडकी थंडीत सक्युलंटसाठी सोन्यासारखी असते. आमच्याकडे ती नाही.

ब्रह्मकमळाचे आमचे तिन्ही तुकडे ऑगस्टअखेर कुजले. ते दिवाणखान्यात होते, आईंच्या वाटेवर. पावसात फुलणारं झाड आहे, त्याला पाणी हवंच, असं त्यांना वाटलं आणि मीही तिकडे लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी तो काळा पडलेला तुकडा बराच वेळ हातात धरला होता. साताऱ्याचं पान होतं ते, एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू धायरीहून आल्या. आता त्या तिथे लेकाकडे असतात. आईंनी एप्रिलमध्ये दिलेल्या पाच तुकड्यांपैकी एक त्यांच्याकडे होता, त्याला दोन हातभर फुटवे आले होते. पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून त्यांनी आईंपुढे ठेवली. "वहिनी, तुमचंच आहे हे."

आईंनी तुकडा तसाच कपाटावर चार दिवस वाळत ठेवला. मग मला कच चाळायला सांगितली, सुगड स्वतः भरलं आणि काठावर पेन्सिलीने तारीख घातली, 8 ऑक्टोबर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, पाणी 15 ला.